मे महिन्यातला नातेवाईक दौरा: ठाणे–पुणे–सातारा–कोल्हापूर–कुडाळ–चिपळूण–ठाणे (मार्गदर्शन हवं)

घोडबंदरी

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी काढून नातेवाईकांकडे फिरून यायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे आईने ठरवलंय. साताऱ्याची आत्या यंदा ८५ ची झाली आणि आईने जाहीर केलं की वन्संना आत्ता भेटायचंय, नंतर फोटोला हार घालायला जाण्यात तिला रस नाही. एकदा सातारा म्हटल्यावर वाटेवरचे आणि वाटेबाहेरचे सगळेच यादीत घुसले.

गाडीत मी, बायको, आई (७३, दोन्ही गुडघे कुरकुरणारे), मुलगी (आता आठवीत जाईल) आणि सहा वर्षांचा मुलगा, जो घाट लागला की ओकतो. गाडी पाच जणांची, सीएनजी. म्हणजे डिकीत आधीच सिलिंडर मुक्कामाला आहे.

आईची यादी अशी: मानपाड्याहून निघून पुण्यात कोथरूडला मावसभाऊ. मग वाईला आईची शाळेतली मैत्रीण, "फक्त चहा". साताऱ्याला आत्या. कराडला बायकोचे चुलतकाका, "फक्त जेवण". कोल्हापूरला माझा कॉलेजचा मित्र. तिथून घाट उतरून कुडाळ, म्हणजे सासरवाडी. परतताना रत्नागिरीला आईचे मामेभाऊ, चिपळूणला धाकटे काका, आणि घर. रजा आठवड्याचीच, मागचा-पुढचा शनिवार-रविवार धरून.

हे जमेल का? कोल्हापूरहून कुडाळला कुठल्या घाटाने उतरू? आणि खरा प्रश्न, ज्यावरून घरात दोन पक्ष पडलेत: बायकोचं म्हणणं, पाच माणसांनी कुणाच्या दोन खोल्यांत जाऊन पडण्यापेक्षा रात्री लॉजवर राहावं आणि दिवसा भेटावं. आईच्या मते आत्याच्या गावात जाऊन लॉजवर उतरणं म्हणजे न गेलेलं बरं. मी सध्या दोघींनाही "बघू" म्हणतोय.

नेरूळकर

बाकीचं पुढे, आधी ठाण्यातून बाहेर कसे पडणार ते सांगा. मानपाड्याहून कळंबोली गाठेपर्यंतच माणूस निम्मा थकतो. पहाटे पाचच्या आत माजिवडा ओलांडलात तर कळवा पूल, विटावा, ऐरोली, ठाणे-बेलापूर रस्ता आणि मग सायन-पनवेल हायवे असं सरळ निघता येतं. शीळफाट्याचा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो, पण मुंब्रा बायपासला एकदा कंटेनरच्या मागे अडकलात की पुढे काही इलाज नाही. मुलुंडवरून ऐरोली पुलानेही जाता येईल, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मोटारींना टोल नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता एक्सप्रेसवेला लागणार असाल तर डबा बरोबर घ्या. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत सगळी मुंबई तुमच्या पुढे असेल. निघायचंच शनिवारी असेल तर पहाटे चारला निघा. आई उठलेलीच असेल.

चारचाकी_चौकस

पैशांचं सांगतो, ते कुणी सांगत नाही. एक्सप्रेसवे कळंबोली ते किवळे ९४.५ किलोमीटर, मोटारीला ३२० रुपये. पुढे कोल्हापूरपर्यंत खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी. तुम्ही कोकणातून परतताय, त्यामुळे हे नाके एकदाच लागतील. तो फास्टॅगचा वार्षिक पास फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला नाही. वर्षभरात बरंच फिरणार असाल तर घ्या, या एका दौऱ्यासाठी नको.

एक्सप्रेसवेला सपाटीवर १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे आणि कॅमेरे जागे असतात. कोथरूडला चहा येईपर्यंत चलान मोबाईलवर येतं.

आता सीएनजी. प्रत्येक पंपावर सगळ्यांनी उतरायचं असतं, म्हणजे ७३ वर्षांच्या बाईंनी भर दुपारी मे महिन्यात उतरून उभं राहायचं. कुडाळ-चिपळूण पट्ट्यासाठी पेट्रोलची टाकी भरूनच ठेवा आणि भरल्या गाडीने घाट पेट्रोलवरच चढा. अजून एक: तुमची स्टेपनी नेमकी कुठे आहे ते घरी असताना बघून ठेवा. बऱ्याच सीएनजी गाड्यांत ती काढायची तर डिकीतलं सगळं सामान रस्त्यावर मांडावं लागतं. वर ओल्या टॉवेलांची पिशवी असेल तर ती दिसणारच जगाला.

कॉर्पोरेट_हमाल

"फक्त चहा" आणि "फक्त जेवण" वाचून डोळे पाणावले. वाईत चहाबरोबर निदान कांदेपोहे आणि ओटी धरा. दीड तास.

सातारकरीण

धागा वाचून हसू आलं आणि मागचा मे महिनाही आठवला. आमचं घर साताऱ्यात हायवेपासून पाच मिनिटांवर. महाबळेश्वरला जाणारे, कोल्हापूरला देवीला जाणारे, गोव्याला जाणारे, सगळ्यांना साताऱ्याचा बोर्ड दिसला की माझी आठवण होते. फोन येतो खेड-शिवापूरच्या नाक्यावरून. "वहिनी, सहज निघालोय, फक्त चहा घेऊन पुढे जाणार, काही करू नका हं." तिथून साताऱ्याला पोचायला दीड तास. म्हणजे दुपारचा एक. दुपारी एक वाजता पाच माणसं दारात आली आणि त्यांना चहा पाजून वाटेला लावलं, अशी बाई आमच्या गल्लीत अजून जन्मायची आहे.

त्यामुळे "काही करू नका" हे वाक्य आधी बंद करा. आदल्या दिवशी फोन करा आणि नीट सांगा: माणसं पाच, दुपारी जेवायला, पिठलं-भाकरी चालेल, आईला तिखट चालत नाही, मुलगा दहीभात खातो, कुणाची चतुर्थी नाही. एवढ्याने करणारी बाई निम्मी मोकळी होते. काय करायचं याचा विचारच निम्मा स्वयंपाक असतो, तो तुम्ही तिच्या डोक्यावरून उतरवता.

दुसरं, मे महिन्यात पाण्याची वेळ असते. गावात नळ येतो ठरलेल्या वेळी, तासभर. पाच पाहुण्यांनी नऊला उठून एकेक करून शॉवरखाली उभं राहायचं नसतं. मुलांना सांगून ठेवा, बादली आणि तांब्या.

आता लॉज. तुमची आत्या ८५ ची आहे. म्हणजे घर आता आत्याच्या हातात नाही, सुनेच्या हातात आहे. आत्या तर "राहायलाच या" म्हणणारच, तिला पीठ मळायचं नाहीये. तेव्हा सुनेला विचारा. तिच्या नवऱ्याला नाही, तिलाच, आणि स्पीकरवर ठेवून नाही. ती लगेच "या की" म्हणाली तर खुशाल राहा. मध्ये जरा थांबून "या नाऽऽ" म्हणाली तर लॉज बघा, आणि लॉज बघितलाय हे तुम्हीच आधी सांगून टाका, म्हणजे तिच्यावर बोल यायला नको.

विजूआप्पा

इथले विचार वाचून वाईट वाटलं. आम्ही लहानपणी सुट्टीत एसटीने मामाकडे जायचो तेव्हा वीस-वीस पोरं एका माजघरात झोपायची. कुणी फोन केला नाही, कुणी परवानगी मागितली नाही. रक्ताच्या माणसाच्या गावात जाऊन पैसे मोजून खोली घ्यायची, ही कसली भेट? गाड्या मोठ्या झाल्या, माणसं लहान झाली.

सातारकरीण

आप्पा, राग नाही. पण वीस पोरं माजघरात झोपली तेव्हा वीस पोरांचं सकाळचं पाणी कुणी तापवलं, ते तुमच्या आठवणीत कुठे येत नाही. मामी होती ना तिथे? तिला कधी विचारलंत का, की तिच्या माहेरी ती सुट्टीत कधी गेली?

विजूआप्पा

मामी गेली आता. विचारता यायचं नाही. बरं, तुमचं म्हणणं पोचलं. तरी लॉज नकोच.

पंचगंगाकाठ

घोडबंदरीसाहेब, कोल्हापुरात मित्राकडं जाताय तर आधी वार बघून घ्या. सोमवार, गुरुवार, शनिवारी पोचला तर मित्र तोंड पाडून वांग्याची भाजी वाढंल आणि जाईपर्यंत "रविवारी आला असता तर" हेच ऐकवंल. बुधवार नाहीतर रविवार धरा. तांबडा-पांढरा घरचाच मागा, हॉटेलचा नको. आणि आई शाकाहारी असतील तर ते पण आधी कळवा, आमच्याकडं ऐनवेळी कळलं की घरातली माणसं खरंच घाबरत्यात.

पोरांना संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्या. समोर म्हैस पिळून गिलासात दूध देत्यात. ठाण्याची पोरं पिशवीतलं दूध पिणारी, आधी नाक मुरडत्यात, मग दुसरा गिलास मागत्यात. अंबाबाईला पहाटेच जावा. सुट्टीत दहा वाजले की रांग आईंच्या गुडघ्याला झेपायची नाही.

आणि मेमध्ये दुपारनंतर आमच्याकडं वळीव येतो. चार वाजता आभाळ भरलं की गाडी झाडाखाली लावू नका.

कर्लीकाठ

कुडाळचो जावई दिसतांस, म्हणून लिवतंय. (बाकी मंडळींसाठी मराठीत.) कोल्हापूरहून खाली उतरायला तीन वाटा. गगनबावड्यावरून करूळ घाट, वैभववाडी, तळेरे. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, कणकवली. नाहीतर निपाणी-आजऱ्यावरून आंबोली, सावंतवाडी. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून काँक्रिटीकरणासाठी वर्षाहून जास्त बंद होता, आता रस्ता चांगला झालाय, पण वळणं तीच.

कुडाळसाठी माझं मत फोंडा. कणकवलीला खाली उतरलात की हायवेने सरळ कुडाळ. राधानगरीचं धरण वाटेतच आहे, शाहू महाराजांनी हाती घेतलेलं. मुलीला इतिहासाच्या पुस्तकाबाहेर दाखवता येईल. मात्र दाजीपूरचं जंगल गव्यांचं. संध्याकाळी तिथे गाडी हाकायची नाही. सकाळी नाश्ता करून कोल्हापूर सोडा, जेवायला कुडाळ. मुलगा ओकतो म्हणालात तर आंबोली त्यातल्या त्यात बरा, रस्ता रुंद आहे, पण फेरा पडतो. आणि कुठला घाट त्या दिवशी चालू आहे हे मोबाईलला विचारण्याआधी सासऱ्यांना विचारा. त्यांच्याकडे रोज कुणी ना कुणी घाटावरून आलेला असतो.

राहायचं म्हणाल तर कुडाळात लॉजचा विषय काढू नका. जावयाक येका रातीत कोण सोडता? दोन रात्री धरूनच चला, आणि त्या दोन रात्रींत तुमची बायको माहेरी आहे हे लक्षात ठेवा. तिला उठवू नका.

आल्याची_वडी

मुलाच्या ओकारीबद्दल. निघण्याआधी दूध देऊ नका, अगदी आजीने आग्रह केला तरी. सुकी पोळी किंवा खाकरा. गोळी डॉक्टरांना वजन सांगून आधीच विचारून ठेवा, ती घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्यायची असते, घाटात नाही. मोबाईल काढून घ्या आणि मागच्या सीटवर मध्ये बसवा, समोरचा रस्ता दिसला पाहिजे. आवळा सुपारी, आमसूल, लिंबाची फोड, जे त्याला आवडेल ते हाताशी. आणि पिशव्या डिकीत ठेवू नका हो, लोक डिकीत ठेवतात! दाराच्या खणात.

आईंसाठी जास्त महत्त्वाचं: दर दीड तासाला थांबायचं, त्यांनी मागितलं नाही तरी. आपल्या आया प्रवासात पाणीच पीत नाहीत, कारण मग थांबायला सांगावं लागतं. एक्सप्रेसवेला फूडमॉलवर सोय बरी असते. मुंबई-गोवा हायवेला पंप बघूनच थांबा आणि आधी तुम्ही आत जाऊन बघून या. शिवाय ज्या घरी राहणार तिथे कमोड आहे का, हे विचारायला लाजू नका. वाईच्या जुन्या घरांत, कोकणात काही ठिकाणी अजून भारतीय पद्धतीचंच असतं, आणि गुडघे दुखणारी बाई तिथे रात्री काय करते हे ती कधीच बोलत नाही. लॉजचा निर्णय खरं तर यावरच व्हायला हवा.

चारचाकी_चौकस

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. आमच्याकडेही लॉजचं कारण हेच होतं, पण सांगितलं मात्र "मुलांना एसीशिवाय झोप येत नाही" असं.

कॉर्पोरेट_हमाल

ओटीचं कुणी बोललं नाही. यादीत घरं किती? प्रत्येक घरी आई आणि बायको दोघींची ओटी. प्रत्येक ओटीत नारळ. कुडाळला पोचेपर्यंत डिकीत सिलिंडर आणि नारळ एवढंच उरेल. घाटावर मिळालेले नारळ कोकणात घेऊन उतरणारं कुटुंब म्हणून सासरवाडीत नाव होईल.

घोडबंदरी

बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

सातारकरीणताई, तुमचं ऐकून आत्याच्या सुनेला फोन केला. आतेभावाला बाजूला ठेवून, थेट. ती थांबली. मग मीच म्हटलं की आम्ही लॉज बघतोय, तुला त्रास नको. तर म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चौघं लॉजवर राहा, मला चालेल, पण मामींना माझ्याकडे ठेवा. आईंच्या खोलीत खाट आहे, कमोड पण बसवून घेतलाय. दोघी रात्रभर बोलतील, मला तेवढीच झोप." आईला हे सांगितल्यावर तिने लॉजबद्दल एक शब्द काढला नाही. उलट बायकोला विचारत होती, लॉजमध्ये गरम पाणी असतं ना?

आता रत्नागिरी आणि कराडचं काय करू? दोन्ही टाळायचे तर "आमच्या दारावरून गेलात" हे पुढची कैक वर्षं लग्नाकार्यात ऐकावं लागेल. कराड तर अक्षरशः हायवेवर.

आणि गाडी मी एकटाच चालवणार नाही. बायको उत्तम चालवते. फक्त ती चालवायला बसली की आई शेजारी बसून पायाने ब्रेक मारते.

सातारकरीण

छान झालं. ती सून शहाणी आहे, तिच्यासाठी काहीतरी तिच्या एकटीसाठी न्या. मिठाईचा पुडा नाही, तो घरातले खातात.

कराडच्या काकांना साताऱ्यालाच जेवायला बोलवा. कराड-सातारा तासाभराचा रस्ता, त्यांनाही आत्या भेटतील. फक्त दहा-बारा पानांचा स्वयंपाक त्या सुनेवर टाकू नका. भाकऱ्या, पोळ्या, भरली वांगी बाहेरून मागवायची आणि पैसे तुम्ही द्यायचे. गावात घरगुती करून देणाऱ्या बायका असतात, तिलाच विचारा, तिला ठाऊक असणार. तिने फक्त वरण-भात लावायचा.

पंचगंगाकाठ

आणि कराडचं जमलंच नाही तर गुपचूप बायपासनं निघून या. पण मग मोबाईलवर स्टेटस टाकू नका! आमच्या पाहुण्यांनी कोल्हापुरात रंकाळ्यावर फोटो काढून टाकला, इचलकरंजीच्या काकूनं पाच मिनिटात फोन केला. सगळी यात्रा संपून घरी पोचल्यावर एकदमच टाका.

वाशिष्ठी

चिपळूणची आहे, त्यामुळे परतीचं मी सांगते. कुडाळहून कणकवली, खारेपाटण, राजापूरपर्यंत गाडी सुसाट येते. त्या वेगाची सवय लागते आणि मग हातखंब्याच्या पुढे संगमेश्वर, आरवलीपर्यंत रखडलेली कामं आणि डायव्हर्शन. तिथे अंधारात येऊ नका. कुठे रस्ता संपतो आणि कुठे खडी सुरू होते, ते रात्री आम्हालाही कळत नाही.

रत्नागिरीसाठी हातखंब्याला हायवे सोडून आत जायचं आणि परत यायचं. तिथे जेवण म्हणजे चिपळूणला पोचायला रात्र. मामेभाऊ हिंडते-फिरते असतील तर त्यांनाच चिपळूणला काकांकडे बोलवा. नसतील तर कुडाळहून पहाटे निघा, रत्नागिरीत दहाला पोचा, बारा वाजता उठा. "जेवूनच जा" म्हणतील. तेव्हा उठणं हे तुमच्या आईचं काम, तुमचं कुणी ऐकणार नाही.

चिपळूणहून ठाण्याला: परशुराम घाट, लोटे, खेड, मग कशेडीचा बोगदा. बोगद्यामुळे जुना कशेडी घाट वाचतो, मुलाला तेवढाच दिलासा. पोलादपूर, महाडपर्यंत ठीक. खरी परीक्षा माणगाव आणि इंदापूर. बाजारातून जाणारा रस्ता, बायपास रखडलेले, आणि मेमधल्या रविवारी संध्याकाळी कोकणातून परतणारी प्रत्येक गाडी तिथेच. रविवारी परत येऊच नका. शनिवारी पहाटे पाचला चिपळूण सोडा, रविवार घरी कपडे धुवायला ठेवा.

नवखा_पनवेलकर

रेल्वेची ती गाडी वाहून नेणारी सेवा सुरू झालीय ना? माणगावचा त्रासच नको.

नेरूळकर

ती २०२५ च्या गणपतीत कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी सुरू झाली. तुम्ही कोलाडला उतरलात तर माणगाव-इंदापूर चुकेल हे खरं, पण त्यासाठी आधी चिपळूणहून उलटं गोव्याला जाऊन गाडी चढवावी लागेल. आईच्या यादीत गोव्याचं कुणी नाही हे नशीब समजा.

तारखांबद्दल: पहिला पंधरवडा धरलाय तोच ठेवा, पुढे ढकलू नका. २०२५ मध्ये २६ मे लाच मुंबईत मान्सून पोचला होता आणि कोकणात त्याच्याही आदल्या दिवशी. डायव्हर्शनच्या खडीवर पहिला पाऊस पडला की तो रस्ता राहत नाही.

विजूआप्पा

सूचना करतो, रागावू नका. सुनबाई चालवत असताना मातोश्रींना मागे खिडकीशी बसवा आणि नातीला पुढे. आमच्या मंडळींनी माझ्या बाबतीत हाच उपाय केला. मी ब्रेक मारत होतो.

आल्याची_वडी

आप्पा! 😄

पुणे-सातारा सपाट पट्टा वहिनींना द्या, फक्त खंबाटकी घाट चढताना ट्रकांची रांग असते, तिथे ज्याला संयम जास्त त्याने बसावं. वाईसाठी सुरूर फाट्याला आत वळा आणि परतताना पाचवडला हायवेला लागा, म्हणजे आलेल्या रस्त्याने मागे जावं लागत नाही. शनिवार-रविवार मात्र तो फाटा महाबळेश्वरवाल्यांचा असतो.

घोडबंदरी

आईसमोर वही घेऊन बसलो. आता असं ठरलंय.

शनिवारी पहाटे चारला मानपाडा सोडायचं. कोथरूडला मावसभावाकडे नाश्ता आणि दिवसभर, रात्री तिथेच, त्याच्या बायकोने स्वतः फोन करून सांगितलंय. रविवार टाळून सोमवारी वाई. आईची मैत्रीण एकटी राहते, त्यामुळे "फक्त चहा" रद्द, आम्हीच पुण्याहून डबा घेऊन जाणार आणि तिथे सगळे मिळून जेवणार. संध्याकाळी सातारा. आई आत्याकडे, आम्ही लॉजवर. मंगळवारी कराडचे काका-काकू साताऱ्यात जेवायला, भाकऱ्या बाहेरून. बुधवारी कोल्हापूर, मित्राला वार कळवताच पलीकडून आनंदाने ओरडलेलं आईला स्वयंपाकघरात ऐकू आलं. गुरुवारी सकाळी फोंडा उतरून कुडाळ, दोन रात्री. मग शनिवारी पहाटे निघून रत्नागिरी धावती भेट आणि चिपळूण मुक्काम.

म्हणजे वाशिष्ठीताई, परत रविवारच येतोय. पण पहाटे पाचला निघून माणगाव गर्दीच्या आधी ओलांडलं तर चालेल ना? संध्याकाळची वेळ तर टळते.

ओटीसाठी आईनेच तोडगा काढला. साताऱ्यापर्यंत मिळालेले नारळ आत्याकडे ठेवायचे, तिला मारुतीला लागतातच.

वाशिष्ठी

पहाटे पाच म्हणजे पाच. काकू पावणेपाचला "घावणे घालते, गरम गरम दोन खाऊन जा" म्हणतील. घावणे बांधून घ्या.

नेरूळकर

आंब्यांबद्दल आधीच सांगून ठेवतो. कुडाळहून सासरे पेट्या देतील. तुमच्या डिकीत एकच पेटी बसेल आणि तीही बॅगांवर, मे महिन्यात बंद काचांच्या गाडीत आंबे दिवसभरात पिकून दरवळायला लागतात, आणि ओकणाऱ्या मुलाला त्या वासाचा काय उपयोग होतो ते सांगत नाही. बाकीच्या पेट्या ट्रान्सपोर्टने वाशीला पाठवायला सांगा. देवगड-रत्नागिरीच्या गाड्या रोज रात्री एपीएमसीला येतातच. तिथून उचलायला ठाण्याहून यावं लागेल एवढंच, आणि येताना नेरूळला थांबा. फक्त चहा.

सातारकरीण

आदल्या दिवशी फोन करा त्यांच्या घरी. आणि त्यांना नाही, वहिनींना.

सिन्नरचा_वाघ

छान धागा, वाचनखूण साठवली. दिवाळीत भाऊबीजेला डोंबिवलीहून नाशिक, धुळे, जळगाव असा दौरा आहे, तीन बहिणी, तीन गावं, दिवस मात्र एकच. समृद्धीने इगतपुरीपर्यंत जाऊन पुढे उतरावं का?

चारचाकी_चौकस

वेगळा धागा काढा, इथे हरवेल. आणि बहिणींचा क्रम लिहा, वयाने की रस्त्याने, त्यावर सगळं आहे.